भौमितिक अमूर्त चित्राची फ्रेम केलेली प्रत घरासाठी घेताना

चौकोन, वर्तुळ, त्रिकोण आणि सरळ रेषा एवढ्याच सामग्रीवर उभे असलेले चित्र घरात लावणे हे निसर्गचित्र लावण्यापेक्षा सोपे असेल, असा माझा समज होता. पुण्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये बैठकीच्या खोलीसाठी मी पहिले मुद्राचित्र घेतले, तेव्हा तो समज गेला. ते एका तरुण कलावंताने स्वतः छापलेले स्क्रीन प्रिंट होते. खालच्या पांढऱ्या समासात पेन्सिलीने लिहिलेला प्रतिक्रमांक आणि स्वाक्षरी होती. मी ते एका फ्रेमवाल्याकडे सोडून आलो आणि आठ दिवसांनी आणायला गेलो, तेव्हा त्याने 'फ्रेम नीट बसावी म्हणून' तो समास चारही बाजूंनी कापून टाकलेला होता. स्वाक्षरी गेली, क्रमांक गेला, आणि उजवीकडचा चौकोन डावीकडच्यापेक्षा तीन मिलिमीटरने अरुंद झाला. झाडाच्या चित्रात तीन मिलिमीटर कोणाच्या लक्षात आले नसते. इथे मात्र दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाची नजर तिथेच अडखळते.

भौमितिक चित्राची खरेदी म्हणजे निम्मी चित्राची आणि निम्मी अचूकपणाची खरेदी असते. पुढे दिलेला क्रम मी त्यानंतरच्या चार-पाच खरेद्यांतून बसवलेला आहे, आणि तो पाळल्यास माझ्यासारखे नुकसान तुमच्या वाट्याला येऊ नये.

जवळ काय असावे

मोजपट्टी, पाणसळ, सुताराचा गुण्या, साधे भिंग, जुनी वर्तमानपत्रे आणि रंगाऱ्याची कागदी चिकटपट्टी एवढे साहित्य पुरते. पाणसळ मोबाईलमध्येही असते, पण काचेची बुडबुड्याची पाणसळ अधिक भरवशाची वाटते. कागदपत्रांपैकी विक्रेत्याचे बिल, मर्यादित आवृत्तीची प्रत असल्यास प्रमाणपत्र, आणि फ्रेमवाल्याला दिलेल्या मापांची लेखी चिठ्ठी या तीन गोष्टी जपून ठेवाव्यात.

१. आधी भिंत मोजा, मग चित्र शोधा

बहुतेक जण आधी चित्राच्या प्रेमात पडतात आणि मग त्याला जागा शोधत फिरतात. उलट क्रमाने गेल्यास पैसे वाचतात. सोफ्यावर लावायचे असेल तर फ्रेमसकट चित्राची रुंदी सोफ्याच्या रुंदीच्या दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश असावी, म्हणजे सहा फुटी सोफ्यावर साधारण चार ते साडेचार फूट. एकच एवढे मोठे चित्र परवडणारे नसेल तर ए-२ मापाची (४२ × ५९.४ सेंटिमीटर) दोन उभी चित्रे शेजारी लावता येतात. प्रत्येकाला सर्व बाजूंनी पाच सेंटिमीटरचा माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, आणि दोन सेंटिमीटरची फ्रेमची पट्टी धरली, आणि मध्ये पाच सेंटिमीटर अंतर सोडले, तर एकूण रुंदी ११७ सेंटिमीटर भरते आणि जवळजवळ चार फुटांचे काम होते.

माप ठरले की तेवढ्या आकाराचे वर्तमानपत्र कापून भिंतीवर चिकटवा आणि चार दिवस तसेच राहू द्या. सकाळचे ऊन नेमके तिथे पडते का, दार उघडल्यावर त्याची कड चित्राला लागेल का, जेवायला बसल्यावर ते डोळ्यांसमोर येते का, हे त्या चार दिवसांत कळते. दुपारचे थेट ऊन पडणारी भिंत, तसेच जिच्या पलीकडे न्हाणीघर आहे किंवा जिच्यावर पावसाळ्यात ओल उतरते अशी भिंत याच टप्प्यावर बाद करावी.

२. 'प्रिंट' म्हणजे नेमके काय, हे विक्रेत्याला विचारा

बाजारात 'प्रिंट' या एका शब्दाखाली किमान तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात, आणि त्यांच्या किमतींत कितीतरी पटींचा फरक असतो.

पहिली म्हणजे ऑफसेटवर छापलेले पोस्टर. भिंग लावून पाहिल्यास रंगाच्या सपाट भागात निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या ठिपक्यांची जाळी दिसते. दुसरी म्हणजे उत्तम इंकजेट यंत्रावर काढलेली प्रत, जिला विक्रेते 'जिक्ले' म्हणतात. तिच्यात ठिपके अतिशय बारीक आणि विखुरलेले असतात आणि कागद बहुधा जाड असतो. या दोन्ही मूळ चित्राच्या छापील नकला आहेत, हे ध्यानात असू द्यावे.

तिसरी वस्तू म्हणजे मुद्राचित्र. ते कशाची नक्कल नसते, ते स्वतःच मूळ कलाकृती असते. लिनोकट, वुडकट, एचिंग, लिथोग्राफ आणि स्क्रीन प्रिंट, ज्याला सेरिग्राफ असेही म्हणतात, हे त्याचे प्रकार आहेत. भौमितिक अमूर्ततेचे स्क्रीन प्रिंटशी विशेष जमते, आणि त्याचे कारण तंत्रातच आहे: प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र पडदा असतो, शाई एकसंध थराने कागदावर बसते, त्यामुळे चौकोनाची कड धारदार राहते आणि आतला रंग ठिपक्यांनी बनलेला नसून खराच सपाट असतो. तिरप्या उजेडात धरल्यास शाईचा तो थर कागदावर किंचित उचललेला दिसतो. चित्रकार जोसेफ अल्बर्स यांनी १९५० पासून १९७६ मध्ये मृत्यू होईपर्यंत एकात एक बसवलेल्या चौकोनांची चित्रमालिका केली आणि आपल्या रंगविचारासाठी स्क्रीन प्रिंटचाही भरपूर वापर केला, तो याच गुणामुळे.

मर्यादित आवृत्तीच्या मुद्राचित्रावर समासात १२/५० असा क्रमांक असतो. पन्नास प्रतींपैकी ही बारावी, असा त्याचा अर्थ. 'ए. पी.' ही अक्षरे असल्यास ती कलावंताने स्वतःसाठी राखलेली प्रत असते. क्रमांक आणि स्वाक्षरी पेन्सिलीने केलेली असावी, अशी प्रथा आहे. स्वाक्षरीवर भिंग धरल्यावर तिच्यातही ठिपक्यांची जाळी दिसली, तर ती छापलेली स्वाक्षरी आहे हे ओळखावे. पोस्टर घेण्यात काहीच वावगे नाही, माझ्या अभ्यासिकेत दोन आहेत. फसवणूक तेव्हा होते, जेव्हा पोस्टर मुद्राचित्राच्या भावाने विकले जाते.

३. चित्र कोणाचे, आणि छापण्याचा हक्क कोणाचा

आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर पुढच्या वर्षारंभापासून साठ वर्षे टिकतो. काझिमिर मालेविच १९३५ मध्ये, पॉल क्ले १९४० मध्ये, आणि पीट मोन्द्रियान व वासिली कांदिन्स्की हे दोघेही १९४४ मध्ये निधन पावले, म्हणून भारतात त्यांची चित्रे कोणीही छापू शकतो. याचा व्यावहारिक अर्थ असा, की मोन्द्रियानच्या प्रतीवर 'मर्यादित आवृत्ती' म्हणून जास्त पैसे मागितले गेल्यास तुम्ही फक्त छपाईच्या दर्जाचे पैसे देत आहात.

सय्यद हैदर रझा यांची गोष्ट वेगळी आहे. नागपूरच्या आणि मग मुंबईच्या जे. जे. कला शाळेत शिकलेल्या रझांची बिंदू, वर्तुळ आणि त्रिकोणांची चित्रे मराठी घरांत सर्वाधिक आवडीने मागितली जातात. त्यांचे निधन २०१६ मध्ये झाले, त्यामुळे त्यांच्या चित्रांवरचे हक्क २०७६ च्या अखेरपर्यंत जिवंत आहेत. त्यांच्या नावाची स्वस्त प्रत दिसली तर ती कोणाच्या परवानगीने छापली हे विचारावे, आणि स्वाक्षरी असलेले सेरिग्राफ घेताना प्रमाणपत्र, पूर्वीचे बिल आणि प्रकाशक गॅलरीचे नाव यांशिवाय व्यवहार करू नये. नसरीन मोहम्मदी यांच्या रेषांच्या चित्रांनाही हेच लागू आहे. त्यांचा मृत्यू १९९० चा.

माझा कल मात्र नव्या कलावंतांकडे आहे. जे. जे.च्या वार्षिक प्रदर्शनात विद्यार्थ्यांची मुद्राचित्रे पाहायला मिळतात, मुंबईत काळा घोड्याजवळ जहांगीर आर्ट गॅलरीत आणि आजूबाजूच्या दालनांत हिंडल्यास अशी कामे नजरेस पडतात, आणि छापणाऱ्याशी समोरासमोर बोलता येते. कागद कोणता, शाई कोणती, किती प्रती काढल्या, या प्रश्नांची उत्तरे त्याच्याकडून जितकी सरळ मिळतात तितकी दुकानातून मिळत नाहीत.

४. कागद, शाई आणि फाइल

आम्लमुक्त आणि शक्यतो पूर्ण कापसाचा कागद घ्यावा. वजन २०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम) खाली नको, ३०० च्या आसपास असल्यास उत्तम, कारण पातळ कागद दमट हवेत लवकर लहरतो आणि त्यावरची सरळ रेषा काचेआडूनही वाकडी दिसू लागते. इंकजेट प्रत असेल तर शाई पिगमेंटची (न विरघळणाऱ्या बारीक रंगकणांची) आहे की डायची (विरघळलेल्या रंगाची), हे विचारा. डायची शाई उजेडाने लवकर उडते.

स्वतः फाइल देऊन प्रत काढून घेणार असाल तर पिक्सेल मोजा. ए-२ आकारासाठी ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, ४९६१ × ७०१६ पिक्सेल लागतात. त्यापेक्षा लहान फाइल ताणून छापली तर निसर्गचित्र थोडे मऊ दिसेल, पण भौमितिक चित्राची कड पायऱ्यापायऱ्यांची होईल आणि रंगाच्या सीमेवर धुरकट डाग उमटतील. कलावंताने संगणकावरच रचना केली असेल तर व्हेक्टर फाइलवरून, म्हणजे कितीही मोठी केली तरी कड न फाटणाऱ्या फाइलवरून, छापण्याचा आग्रह धरावा. अतिबारीक रेषांचे चित्र असेल तर एका कोपऱ्याची नमुना प्रत आधी मागून घ्यावी, कारण रेषा तुटण्याची शक्यता तिथेच सर्वांत जास्त असते.

५. रंग आपल्या घरच्या उजेडात पाहा

मोबाईलचा पडदा स्वतः उजळलेला असतो आणि कागद नसतो, एवढ्या एका कारणाने पडद्यावरचा झळाळता निळा कागदावर गंभीर दिसतो. शिवाय एकाच राखाडी चौकोनाचा रंग शेजारच्या रंगाप्रमाणे बदलल्यासारखा वाटतो, आणि तुमची भिंत हीदेखील चित्राच्या शेजारचा एक रंग असते. क्रीम रंगाच्या भिंतीवर शुभ्र कागद निळसर दिसतो. घरातले दिवे पिवळसर, २७०० केल्विनचे असतील तर लाल-केशरी रंग उठून येतात आणि निळे-जांभळे मंदावतात. ४००० केल्विनच्या आसपासचा, ९० किंवा त्याहून जास्त सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा निर्देशांक) असलेला दिवा चित्राला न्याय देतो. शक्य असेल तर विक्रेत्याकडून रंगपट्टी किंवा लहान नमुना मागवून रात्री दिवा लावून भिंतीवर धरून पाहा. हे न करता घेतलेले एक चित्र मला बैठकीतून उचलून उत्तरेच्या खिडकीच्या खोलीत न्यावे लागले.

६. फ्रेम: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

पोस्टर घेतले असेल तर फ्रेमचा खर्च चित्रापेक्षा जास्त येऊ शकतो. तसा आला तरी बिचकू नका.

फ्रेमवाल्याला पहिली गोष्ट ही सांगा, आणि चिठ्ठीवर लिहूनही द्या, की कागद कोणत्याही बाजूने कापायचा नाही. माउंटची खिडकी सामान्यतः चित्राच्या कडेवर दोन-तीन मिलिमीटर चढवतात, म्हणजे कागद मागे सरकत नाही. भौमितिक चित्रात त्यामुळे कडेचा चौकोन अरुंद होतो. म्हणून खिडकी चित्राबाहेर ठेवून सर्व बाजूंनी पाच-सहा मिलिमीटर पांढरा कागद दिसू द्या, आणि खाली स्वाक्षरी असेल तर तीही दिसेल इतकी जागा सोडा. मुद्राचित्राच्या कागदाची कड सुंदर, तंतुमय असेल तर माउंटची खिडकी न घेता संपूर्ण कागद बोर्डवर तरंगता बसवून घेणे मला सर्वांत आवडते.

कागद बोर्डला पूर्ण चिकटवू देऊ नका. सेलोटेप, फेविकॉल आणि दोन बाजूंनी चिकटणारी टेप या तिन्ही गोष्टींनी काही वर्षांत पिवळे डाग येतात, आणि शिवाय दमट हवेत कागदाला पसरायला जागा न मिळाल्याने तो मध्येच फुगतो. वरच्या कडेला फक्त दोन ठिकाणी जपानी कागदाच्या पट्ट्या गव्हाच्या खळीने लावून कागद लोंबता ठेवणे ही योग्य पद्धत आहे. सगळे फ्रेमवाले ती करत नाहीत. अशा वेळी आम्लमुक्त कागदाचे कोपरे लावून त्यांत प्रत अडकवायला सांगा, ते कोणालाही जमते.

कागद आणि काच यांच्यात अंतर हवेच. माउंटची साधारण दीड मिलिमीटर जाडी ते देते, आणि माउंट नसेल तर कडेने बारीक पट्टी, म्हणजे स्पेसर, घालावी लागते. पावसाळ्यात काचेच्या आतून दव धरले आणि कागद काचेला टेकलेला असला, तर शाई काचेला चिकटते आणि मग ती सोडवता येत नाही.

काच की ॲक्रिलिक हा प्रश्न मापावर सोडवावा. दोन मिलिमीटर काचेचे वजन चौरस मीटरला पाच किलो भरते, म्हणजे ७५ × १०० सेंटिमीटरच्या फ्रेमला नुसत्या काचेचे पावणेचार किलो. तेवढ्याच ॲक्रिलिकचे वजन निम्म्याहून कमी असते आणि ते फुटून कागदात घुसत नाही, मात्र त्यावर ओरखडे लवकर पडतात. ए-२ पर्यंत काच आणि त्याहून मोठ्याला ॲक्रिलिक, असे मी ठरवून टाकले आहे. गडद रंगाच्या सपाट चित्रासमोर साधी काच आरशासारखी वागते, तेव्हा खिडकीसमोरच्या भिंतीसाठी परावर्तन कमी करणारी काच घेण्याचा विचार करावा. दाणेदार 'मॅट' काच मात्र टाळा, ती कडांची धार बोथट करते.

पट्टी साधी, सपाट आणि अरुंद असावी. कोरीव सोनेरी पट्टी चौकोनांशी भांडते. सागवान किंवा इतर चांगले लाकूड घेतल्यास ते पुरते वाळलेले आहे ना, हे विचारा, नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात कोपऱ्याचे सांधे उघडतात.

फ्रेम ताब्यात घेताना दुकानातच तीन मोजमापे करा. गुण्या लावून चारही कोपरे काटकोनात आहेत का पाहा. मग फ्रेमचे आणि माउंटच्या खिडकीचे दोन्ही कर्ण मोजा. ते समान नसतील तर चौकट समांतरभुज झालेली आहे, कितीही सरळ टांगली तरी आतल्या रेषा तिला साथ देणार नाहीत. शेवटी चित्रातल्या एखाद्या लांब रेषेपासून माउंटच्या कडेपर्यंतचे अंतर दोन टोकांना मोजा. एक मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर तिथल्या तिथे उघडून पुन्हा बसवून घ्या. फ्रेमवाला 'एवढे दिसत नाही' म्हणेल. दिसते.

७. तयार फ्रेमसकट ऑनलाइन मागवताना

सांगितलेले माप प्रतीचे आहे की फ्रेमच्या बाहेरचे, हे विचारल्याशिवाय पैसे भरू नका. मूळ चित्र चौरस असताना 'सोयीसाठी' ते ए-मापाच्या आयतात कापून विकलेले मी अनेकदा पाहिले आहे, म्हणून मूळ चित्राचे गुणोत्तर तपासून घ्यावे. किमतीत जीएसटी आणि वाहतूक धरली आहे का, काच फुटल्यास बदली कोण देणार आणि किती दिवसांत कळवायचे, हे लेखी घ्या. खोके उघडताना सलग व्हिडिओ काढा.

चित्राची वरची बाजू कोणती, हेही मागवतानाच विचारून पाठीमागे बाण काढायला सांगावे. हा प्रश्न बाळबोध नाही. मोन्द्रियानने रंगीत चिकटपट्ट्यांनी १९४१ मध्ये रचलेले 'न्यूयॉर्क सिटी १' हे चित्र गेली कित्येक दशके उलटे टांगले गेले असावे, असे ड्यूसेलडॉर्फच्या संग्रहालयातल्या अभ्यासकांनी २०२२ मध्ये मांडले, आणि आता फिरवले तर जुन्या पट्ट्या निखळतील या भीतीने ते तसेच ठेवण्यात आले.

८. टांगणे

चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर ठेवावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. तो उभ्याने पाहणाऱ्यांसाठी आहे. आपल्याकडे दिवाणावर किंवा सतरंजीवर बसून पाहणारेच जास्त असतील तर दहा-पंधरा सेंटिमीटर खाली आणायला हरकत नाही. सोफ्याच्या पाठीपासून फ्रेमची खालची कड १५ ते २० सेंटिमीटरवर असली की दोन्ही एकत्र दिसतात.

एका खिळ्यावर तार अडकवलेली फ्रेम झाडझूड करताना हमखास कलते. म्हणून दोन्ही बाजूंना डी आकाराच्या कड्या लावून दोन स्वतंत्र हुकांवर टांगा. हुकांच्या खुणा करताना पाणसळच वापरा, छताच्या कडेवरून माप घेऊ नका, कारण छताची कड कित्येक घरांत समतल नसते. काँक्रीटच्या भिंतीला हॅमर ड्रिल आणि प्लग लागतो, नव्या इमारतींतल्या हलक्या ब्लॉकच्या भिंतीत लांब प्लग घ्यावा लागतो, आणि स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली कधीही भोक पाडू नये, आतून वायर गेलेली असते. भाड्याच्या घरात मालकांना आधी विचारावे. चिकट हुकांवर काचेची फ्रेम सोपवू नका, विशेषतः डिस्टेंपरच्या भिंतीवर. रंगाचा पापुद्राच हुकासकट सुटून येतो.

९. पहिला पावसाळा

फ्रेमच्या मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना रबराच्या किंवा बुचाच्या चकत्या लावा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळती राहील. पाठीमागची फट कागदी टेपने बंद केलेली असावी, नाहीतर कसर आत शिरते आणि ती कागदाचा पृष्ठभाग खरवडून खाते. काच पुसताना पाणी किंवा फवारा थेट काचेवर मारू नका, तो ओघळून खालच्या खाचेत जातो आणि तिथून माउंटमध्ये झिरपतो. फडके ओले करून पुसा, आणि ॲक्रिलिकला अमोनियाचा क्लीनर लावू नका.

कोकणात किंवा मुंबईत समुद्राजवळ राहत असाल तर जून ते सप्टेंबरमध्ये महिन्यातून एकदा फ्रेम उतरवून मागची बाजू पाहावी. बुरशीचा वास आला किंवा बोर्डवर करडे ठिपके दिसले, तर फ्रेम उन्हात ठेवू नका. ती पंख्याखाली कोरड्या खोलीत दोन दिवस उभी करा, मग फ्रेमवाल्याकडे नेऊन मागचा बोर्ड बदलून घ्या, आणि तो समोर उभे राहूनच बदलून घ्या.